प्रतिभाताईंच्या वजनाचे शुभेच्छुक

माणसाचं वजन ही त्याची खाजगी बाब आहे, असा ज्यांचा गोड गैरसमज असेल त्यांनी पाथर्डी फाट्यामागच्या एखाद्या कॉलनीत चार महिने राहून बघावं. प्रतिभा शिरसाठचं वजन आषाढापर्यंत तिचं एकटीचं होतं. श्रावणात ते सार्वजनिक झालं आणि नवरात्र उजाडेपर्यंत त्याला अध्यक्षा, उपाध्यक्षा आणि खजिनदार मिळाल्या. कमी तेवढं होत नव्हतं. पण एकदा मंडळ स्थापन झालं की मूळ कामाकडे बघायला सवड कुणाला असते?

झालं होतं असं. प्रतिभाचा धाकटा भाऊ दिनेश घोटीला राहायचा. त्याची भाताची गिरणी होती, बायको-पोरं होती, बोलायला तिखट आणि मनाने मऊ असा गडी. रक्तदाबाकडे त्याने अनेक वर्षं दुर्लक्ष केलं आणि रक्तदाबाने त्याच्या दोन्ही किडन्या गिळल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला डायलिसिससाठी नाशिकला यावं लागायचं. बायको संध्याची किडनी जुळली नाही. बहिणीची जुळली.

"सगळं छान आहे," डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टर कमी बोलायचे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शब्दाला वजन होतं. "पण तुमचं वजन चौऱ्याऐंशी आहे आणि साखर काठावर आहे. पंच्याहत्तरपर्यंत या. साखर आपोआप उतरेल. दिवाळी झाली की दोघांना हॉस्पिटलच्या कमिटीसमोर बसावं लागेल. तुम्ही राजीखुशीने देताय का आणि हे राजीखुशीने घेतायत का, एवढं ते विचारतील. मग ऑपरेशन."

प्रतिभाने तिथल्या तिथे हो म्हटलं. आई गेली तेव्हा दिनू पाचवीत होता आणि ती दहावीत. त्याचे डबे करता करता तिची दहावी राहिली ती राहिलीच. जिने भावासाठी दहावी सोडली, तिला त्याच्यासाठी भात सोडणं काय जड जाणार? दिनेश मात्र खुर्चीत बसून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. पोराला भरून आलंय, असं प्रतिभाला वाटलं.

आता इथे तिने एक चूक केली. ही गोष्ट तिने सविता गांगुर्डेला सांगितली.

सविताताई म्हणजे कॉलनीच्या भावी नगरसेविका. दोन निवडणुका येऊन गेल्या, तरी त्या अजून भावीच होत्या. कुणाच्याही घरात काही बरं-वाईट घडलं की त्या सर्वांत आधी पोचायच्या आणि सोबत फोटोग्राफर असायचा. त्यांनी प्रतिभाला मिठी मारली, डोळ्याला पदर लावला आणि आठ दिवसांत 'सडपातळ सखी मंच' उभा केला. प्रतिभाताईंना एकटीला लढू द्यायचं नाही, सगळ्या सखींनी मिळून वजन कमी करायचं, असं ठरलं.

मंचाचा पहिला कार्यक्रम म्हणजे प्रतिभाचा सत्कार.

"अहो, पण अजून पावशेरही उतरलं नाही," प्रतिभा म्हणाली.

"म्हणूनच तर! याला प्रोत्साहन म्हणतात," सविताताई म्हणाल्या.

समाजमंदिरात शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा बॉक्स देऊन सत्कार झाला. फोटोसाठी सविताताईंनी पेढा भरवला. फोटो हलला म्हणून दुसरा भरवला. मग उपाध्यक्षा म्हणाल्या की आमचाही एक होऊ द्या. वजन उतरवण्याची सुरुवात प्रतिभाने अशी पाच पेढ्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. 'भावासाठी किडनी देणाऱ्या रणरागिणी सौ. प्रतिभाताई यांना वजन घटविण्यासाठी हार्दिक शुभेच्छा!' त्याखाली ठसठशीत आकड्यांत '८४ कडून ७५ कडे' आणि शेजारी सविताताईंचा हात जोडलेला फोटो, दाराएवढा. शुभेच्छुकांच्या एकवीस चेहऱ्यांच्या गर्दीत खाली कोपऱ्यात प्रतिभाही होती, रेशनकार्डावर असते तेवढी. त्या दिवसापासून कोपऱ्यावरचा भाजीवाला बटाटे तोलताना थांबायचा आणि काळजीने विचारायचा, "ताई, हे तुम्हाला चालतील का?" रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायच्या. बटाटे तिला चालत असोत नसोत, तिथून लवकर चालायला ती शिकली.

मंचाने कामाला मात्र सुरुवात केली होती. रोज पहाटे सखी जॉगिंग ट्रॅकवर जमायच्या. अर्धा तास चालायच्या, म्हणजे अर्धा तास बोलायच्या आणि त्या ओघात पायही हलायचे. रविवारी चालणं झालं की गाड्या मिसळीकडे वळायच्या. मिसळीत मटकी असते, मटकीत प्रोटीन असतं आणि प्रोटीनने चरबी जळते, हे मंचाच्या दुसऱ्या बैठकीत एकमताने मंजूर झालं होतं. राहता राहिला पाव. तर दोन पाव खाऊन तिसरा परत पाठवण्यात जो संयम लागतो, त्याचंही सखी एकमेकींना श्रेय द्यायच्या. "तू नाहीच घेतलास ना? बघ, किती बदललीस!"

बैठका आळीपाळीने एकेकीच्या घरी व्हायच्या. नाशिकची बाई आपल्या घरी आलेल्या पाहुणीला नुसत्या काकडीवर पाठवेल, हे शक्य नाही. मग खजूर-बदामाचे लाडू यायचे, तिळाच्या वड्या यायच्या, तुपात परतलेले मखाणे यायचे. "साखर अजिबात नाही हं, गूळ आहे," असं यजमानीण म्हणायची आणि त्या एका वाक्याने सगळ्या पदार्थांचं पाप धुऊन जायचं.

खजिनदार स्नेहलकडे याहून शास्त्रीय उपाय होता. ती कसलीशी पावडर विकायची. एक चमचा दुधात घ्यायचा, की जेवणाची गरजच नाही. प्रतिभाने डबा घेतला आणि श्रद्धेने पावडर प्यायली. मग जेवली. कारण तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, पिण्याला कधी कुणी जेवण म्हटलं नव्हतं.

आणि घरी सासूबाई होत्या.

"उपवास कर," सासूबाईंनी सांगितलं. "आमच्या काळी कुणाला होती का चरबी? देवाचं नाव घ्यायचं आणि पोटाला विश्रांती द्यायची."

म्हणून प्रतिभाने श्रावणातले सोमवार धरले, शनिवार धरले, एकादशी आणि चतुर्थी तर होत्याच, आणि नवरात्रात पूर्ण नऊ दिवस धरले. पोटाला मात्र विश्रांती मिळाली नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट सढळ हाताने. दुपारी वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. मध्येच रताळ्याचा कीस, साजूक तुपात, कारण उपवासाला तेल बरं नव्हे. रात्री राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. सून भावासाठी एवढं कडक व्रत करते म्हणून सासूबाई ताट वाढताना गहिवरायच्या आणि गहिवरल्या की त्यांचा हात आणखी सैल सुटायचा. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्याने काढली, त्याने तरी फक्त एकादशीच बघितली असणार. नवरा रामनाथ याने "मी तुझ्या पाठीशी आहे," असं जाहीर करून तिच्याबरोबर उपवास धरले. खिचडीच्या पातेल्याच्या मात्र तो नेहमी पुढे असायचा.

पण या सगळ्यांवर कडी होती ती दिनेशची.

मंगळवारी आणि शुक्रवारी गिरणीच्या पिकअपमधून त्याला बुधा आणायचा. बुधा हा गिरणीवरचा जुना ड्रायव्हर. प्रतिभा आधीच हॉस्पिटलात येऊन बसलेली असायची. दिनेश यायचा, पलंगावर पडायचा, हाताला सुया टोचून घ्यायचा आणि मोकळ्या हाताने पिशवी पुढे सरकवायचा. पिशवीत घोटीच्या स्टँडवरचे बटाटेवडे. गरम, कागदाला तेल सुटलेले. कधी इगतपुरीहून आलेली भजी, कधी वणीचे पेढे, कधी मलईची बर्फी.

"खाय ना ताई."

"अरे, मला वजन उतरवायचंय."

"एकानं काय होतंय? मला तर काय बी खाता येत नाय. भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं आन् तो चोथा खायचा. पाणी बी वाटीनं मोजून. तू खाल्लंस ना, तर मला खाल्ल्यावानी वाटतं बघ."

असं म्हटल्यावर कोणती बहीण नाही म्हणेल? प्रतिभा वडा खायची. खाताना तिला रडू यायचं आणि रडू आलं की दिनेश दुसरा वडा हातात द्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी इतकं समाधान असायचं की तिसरा ती स्वतःहून उचलायची. जाताना बुधा पिकअपमधून इंद्रायणीचं पोतं उतरवून द्यायचा. "नवा तांदूळ हाय, मऊ भात होतो, तूप घालून खाय," असा निरोप पोत्याबरोबर असायचाच.

दसरा झाला. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढला.

"शहाऐंशी," ते म्हणाले. "बाई, मी उतरवायला सांगितलं होतं."

प्रतिभाने मान खाली घातली. समोर दिसायला पोट होतं, काटा दिसतच नव्हता.

"स्पष्ट सांगतो," डॉक्टर म्हणाले. "दिनेशरावांचं हृदय थकत चाललंय. डायलिसिसवर त्यांना फार काळ ओढता येणार नाही. दिवाळीनंतर तुम्ही याल तेव्हा काटा खाली निघालेला दिसला, तर उरलेल्या किलोंसाठी मी थांबेन. वर गेलेला दिसला, तर तुमच्या अंगाला सुरी लावणार नाही. मग त्यांनी दुसऱ्या किडनीची वाट बघायची, आणि वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नाही."

बाहेरच्या बाकावर बसून प्रतिभा पोटभर रडली. लाज वाटली, राग आला आणि सर्वांत जास्त भीती वाटली. अख्खी कॉलनी पाठीशी उभी होती. नवरा, सासू, मंच, देवी, पावडर, सगळे. आणि तरी आपल्या खादाडपणामुळे आपला भाऊ मरणार, असं तिला वाटलं. सविताताईंना तिने फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "दृष्ट लागली हो तुम्हाला. फ्लेक्सवर फोटो होता ना, तरी मी म्हणत होते. आपण दुसरा लावू. त्यात कॉम्प्युटरवर तुम्हाला बारीक करून घेते, म्हणजे मन तयार होतं."

त्या दिवशी स्नेहल तिला स्कूटीवर घ्यायला आली होती. दोघी पार्किंगमधून जात असताना स्नेहल मध्येच थांबली.

"अगं, तो कोण?"

पिकअपला टेकून एक सडसडीत माणूस उभा होता. पँट कंबरेला सुतळीने आवळलेली, गाल बसलेले, पण तोंडावर तेज. प्रतिभाला दोन क्षण ओळख पटेना. हा बुधा होता. आषाढात ह्याच बुधाचं पोट स्टिअरिंगला लागायचं आणि हॉर्न वाजवायला त्याला हात लावावा लागत नाही, अशी दिनेश त्याची चेष्टा करायचा.

"बुधा, अरे आजारी आहेस का?"

"नाय ताई. झ्याक हाय."

"मग हे झालं कसं? काय केलंस?" स्नेहलने मोबाईल काढलाच होता. पावडरीच्या जाहिरातीला असा माणूस तिला कुठे मिळणार?

"काय बी नाय केलं," बुधा लाजून म्हणाला. "ताईचा डबा खातो."

"कोणत्या ताईचा?"

"तुमचाच की. वैनी देत्यात ना मंगळवार-शुक्रवार, तुमच्यासाठी. नागलीची भाकर, पालेभाजी, उकडलेली मटकी, काकडी. शेठ म्हनले, ताईला असलं चालत नाय, तू खाय. पयल्यांदा लय जीवावर आलं. मग गोडी लागली. आता आमची बाई घरी बी रोज तेच करती." मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो भाबडेपणाने म्हणाला, "डबा माझ्या हाती दिला की मग शेठ स्टँडवर गाडी थांबवत्यात. तुमचे वडे घ्यायला."

प्रतिभाने तिथूनच संध्याला फोन लावला. संध्या म्हणाली, "म्हणजे? हे तर दर खेपेला सांगायचे, ताईनं चाटूनपुसून खाल्ला."

प्रतिभाने स्नेहलला परत पाठवलं आणि जिना चढून वर गेली. दिनेश मशीनला जोडलेला होता. अजून दोन-तीन तास त्याला कुठेही पळता येणार नव्हतं आणि भांडायला इतकी सोयीची वेळ तिला अख्ख्या जन्मात मिळाली नव्हती.

"वडे कुठे आहेत?"

"पिशवीत. गरम हायेत, खाय."

"आणि डबा?"

"कोणता डबा?"

"बुधाच्या पोटातला."

लहानपणी खोटं पकडलं गेलं की दिनू कानाची पाळी ओढायचा. आताही मोकळा हात कानाकडे गेला. प्रतिभा स्टूल ओढून जवळ बसली.

"दिन्या, मी जाडच राहावं म्हणून तू मला वडे चारत होतास?"

"हो," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो काहीतरी सबब सांगेल.

"ताई, आई गेली तवा तू माझ्यासाठी शाळा सोडली," दिनेश छताकडे बघत बोलायला लागला. "मी तुला काय दिलं? दर भाऊबीजेला एक साडी. ती बी संध्यानं निवडलेली. आन् आता तुझं पोट फाडून घेऊ? भाऊ बहिणीला देतो. बहिणीकडनं घेत नाय. अन् तुला तिथं टेबलावर काय झालं, तर भावजींना कोणतं तोंड दाखवू?"

"मग सरळ नाही म्हणायचं होतंस!"

"तू ऐकली असतीस?"

"नसते ऐकले."

"मंग? म्हणून वडे."

शेजारच्या पलंगावरचे आजोबा फिसकन हसले. नर्सने लांबून डोळे वटारले. प्रतिभाला मात्र हसू आलं नाही. इतके महिने ती ज्याला भावाची माया समजत होती ती मायाच होती, हेच तर वाईट होतं. मंचातल्या बायकांनी तिला अडाणीपणाने खाऊ घातलं. ह्याने विचार करून घातलं.

"आणि मी काय करायचं?" तिचा आवाज चढला. "भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मी चंद्राला ओवाळू का? गच्चीवर ताट घेऊन उभी राहू? तो चंद्र येतो का तांदळाचं पोतं घेऊन? तो मला ताई म्हणतो का? मला तू पाहिजेस रे गाढवा!"

दिनेशने भिंतीकडे तोंड केलं. कमिटीसमोर तो काय बोलणार, हे तिला कळेना आणि विचारायचा धीर होईना.

वड्यांची पिशवी तिने खाली नेऊन बुधाच्या हातात दिली.

"नको ताई," बुधा म्हणाला. "तेलकट सोसत नाय आता."

त्यानंतर घरात आणि कॉलनीत जे झालं ते फारसं शोभेचं नव्हतं. प्रतिभाने सविताताईंना सांगितलं की मला प्रोत्साहन पुरे झालं. सविताताई म्हणाल्या की चांगल्या कामाची लोकांना कदरच नसते. प्रतिभाने उपवास सोडले, तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला आणि देवीची माफी सुनेच्या वतीने मागून टाकली. रामनाथने तिच्या ताटातला भात मुकाट्याने स्वतःच्या ताटात ओढून घ्यायला सुरुवात केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं 'पाठीशी असणं' तिच्या काही उपयोगी पडलं. संध्याचा डबा आता बुधा थेट तिच्या हातात द्यायचा आणि ती तो पूर्ण खाईपर्यंत तिथेच उभा राहायचा. आपलं होतं ते गेलं, अशा नजरेने तो भाकरीकडे बघायचा. पहाटे ती एकटीच पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला लागली. पहिल्या दिवशी अर्ध्यात बसली आणि दिनूला शिव्या दिल्या. शिव्या दिल्या की दम यायचा, म्हणून रोज दिल्या.

काटा खाली निघाला. फार नाही, पण निघाला. दिनेशला तिने ते सांगितलं, तर तो "बरं," म्हणाला आणि विषय तांदळाच्या भावावर नेला. रागाने तिला झोप लागायची नाही. आपण चढतोय खऱ्या, पण वर कुणी आहे का?

भाऊबीजेला दिनेश आणि संध्या आले. दिनेशचे पाय सुजले होते, दोन जिने चढताना तो तीनदा टेकला. प्रतिभाने पाट मांडला, त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली आणि तिच्याकडे बघणं टाळलं. कमिटीची तारीख चार दिवसांवर होती. ती काही बोलणार, एवढ्यात दाराची बेल वाजली.

सविताताई होत्या. मागे डझनभर सखी, फोटोग्राफर आणि गुंडाळलेला नवा फ्लेक्स. रुसवा सोडून त्या आल्या होत्या, कारण भाऊबीज वर्षातून एकदाच येते आणि किडनीवाली भाऊबीज तर वॉर्डात आजवर कुणाच्याच घरी झाली नव्हती.

"ताई, राग नाही ना? अहो, आपलीच माणसं आपण," म्हणत त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. "असे बसा. भाऊ इकडे. ए, लाईट बघ रे! हां, प्रतिभाताई, आ करा."

सणाचा दिवस, दारात आलेल्या सवाष्णी आणि हातात पेढा. बाईच्या जातीला याला नाही म्हणायला कुणी कधी शिकवलंय का? पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणारी प्रतिभा इथे हरली. तिने घाबऱ्या नजरेने इकडेतिकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

पेढ्याच्या आणि तोंडाच्या मध्ये एक हात आला. डायलिसिसच्या सुयांनी काळानिळा पडलेला, गाठी आलेला हात. दिनेश पाटावरून उठून उभा राहिला होता आणि भिंतीला धरून धापा टाकत होता.

"पेढा नका देऊ तिला."

"अहो दादा, एका पेढ्याने काय होतंय?" सविताताई हसल्या. "आणि गुळाचा आहे."

"एक बी नको!"

त्याचा आवाज इतका मोठा निघाला की फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. आतून सासूबाई बाहेर आल्या. परक्या बायकांनी भरलेल्या त्या खोलीत दिनेश प्रतिभाकडे बघत होता, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत.

"मला तिची किडनी पाहिजे हाय," तो म्हणाला. "मला जगायचंय."

सविताताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. संध्याने तोंडावर पदर धरला. प्रतिभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने ते पुसलं नाही. तिने आधी तोंड मिटलं आणि मग भावाच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं.

"कमिटीपुढे असंच बोलायचं," ती म्हणाली. "पुटपुटायचं नाही."